सांडपाण्यात घडणारे प्रतिरोधक जिवाणू
बजाजनगर वाळूज औद्योगिक वसाहतीत वसले आहे. भोवती वाहनांचे सुटे भाग आणि औषधे बनवणारे कारखाने. अशा ठिकाणी सांडपाण्याचा प्रश्न केवळ दुर्गंधीपुरता नसतो. पाण्यात प्रतिजैविकाचा अंश उरला, तर दुबळे जिवाणू मरतात, तगलेले वाढतात. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांतून ते प्रतिरोधाची जनुके दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. जस्त-तांब्यासारखे धातूही हीच निवड घडवतात, कारण धातू आणि औषध सोसण्याची जनुके अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर असतात. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक होते. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते. तरीही औषध कारखान्यांच्या सांडपाण्याबाबतच्या २०२०च्या मसुद्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा २०२१च्या अंतिम केंद्रीय नियमांतून वगळल्या गेल्या. ही गंभीर उणीव आहे.