दप्तर ठेवा, पाना उचला!

एक्सेलचं पिव्होट टेबल तुम्हाला झोपेतही जमतं. पण घरातला फ्यूज उडाला की? इलेक्ट्रिशियनला फोन आणि तो येईपर्यंत मोबाइलच्या टॉर्चवर मॅगी! दहावीला सायन्समध्ये नव्वदच्या वर मार्क होते, ओहमचा नियम आजही पाठ आहे. फक्त टेस्टर हातात धरायची धडकी भरते. मंडळी, दोष तुमचा नाही. आपल्याला वीज शिकवली ती फळ्यावर.

पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर पाबळ नावाचं गाव आहे. तिथे हे गणित उलटं मांडलं गेलं. डॉ. श्रीनाथ कलबाग म्हणजे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले बडे शास्त्रज्ञ. अमेरिकेतली पीएचडी, मुंबईतली मानाची नोकरी. थोडक्यात, आपल्याला जे जे हवं असतं ते सगळं. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी या कमी पावसाच्या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल बघून, करून, चुकून शिकतं. मग शाळेत गेल्यावरच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ कशाला?

आठवड्यातला एक दिवस

यातूनच शाळांसाठी एक विषय उभा राहिला : ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, शॉर्टमध्ये आयबीटी. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस. वर्गाचे गट पाडायचे आणि आळीपाळीने चार विभागांत फिरवायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं अशी भानगड नाही. वेल्डिंगचा होल्डर तिच्याही हातात, चिक्कीचं लाटणं त्याच्याही हातात. शिकवायला बरेचदा गावातलेच कारागीर. राज्याच्या एसएससी बोर्डानेही पुढे या विषयाला मान्यता दिली.

यात सायन्स कुठंय?

सगळीकडेच! गाय काट्यावर चढवायची सोय नसेल तर तिचं वजन कसं काढाल? टेप घ्या. छातीचा घेर ६० इंच, लांबी ५० इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००. उत्तर ६०० पौंड, म्हणजे साधारण २७२ किलो. आता चारा किती आणि औषध किती, हे अंदाजपंचे ठरवायला नको.

पायाची आखणी करताना कोपरा गुण्यात आणायचा तर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ भरलं की कोपरा काटकोनात. गवंडीकाका हे रोज करतात. आपण त्याला पायथागोरस म्हणतो आणि पेपर झाला की विसरतो.

आणि हे सगळं ‘गावाकडचं’ आहे, असा समज असेल तर थांबा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने याच पाबळमध्ये फॅब लॅब सुरू झाली. कॉम्प्युटरवर डिझाइन काढा आणि तिथेच वस्तू बनवा. तेव्हा आपल्या शहरांत हा शब्दही फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

मग घोडं अडतं कुठे?

आपल्या डोक्यात! हाताने काम करणारा तो ‘ढ’ आणि पुस्तकातलं घडाघडा म्हणणारा हुशार, हे समीकरण आपल्याकडे फार जुनं. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला ‘नई तालीम’ मांडली, ती याच भिंतीला धक्का द्यायला. पुढे आपल्या वाट्याला काय आलं? कार्यानुभवाचा तास, आणि आदल्या रात्री आईने करून दिलेलं शोपीस. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. छान आहे. पण दहा दिवसांत फार तर खिळा ठोकायची भीती जाते. काम अंगात मुरायला तीन वर्षं दर आठवड्याचा एक दिवस लागतो.

आज ना उद्या तुम्हीही मुलांच्या अॅडमिशनच्या रांगेत उभे राहाल. तेव्हा एसी क्लासरूम आणि स्विमिंग पूलबद्दल जरूर विचारा. पण एक प्रश्न जास्तीचा टाका : ‘तुमच्याकडे वर्कशॉप आहे का, आणि त्याचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं?’