झाडे लावल्यावर मातीत काय बदलते?

• कर्ब : मातीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आपल्याकडे ती जमीन कर्बाच्या दृष्टीने गरीब मानतात. लागवडीनंतर पालापाचोळा आणि बारीक मुळे कुजून आधी वरच्या थरातला कर्ब वाढतो. खोल थर सुधारायला काही दशके लागतात.

• नत्र : शिरीष, खैर, शिसव, करंज ही शेंगवर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र मातीत आणतात. सुरूचे झाडही हे करते, मात्र वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या साथीने.

• स्फुरद, पालाश : ही अन्नद्रव्ये हवेतून मिळत नाहीत. मुळे ती खोलवरून उचलतात आणि पानगळीतून वर आणतात. लाकडाबरोबर फांद्या, साल, पानेही उचलून नेली तर जमीन पुन्हा कंगाल होते.

• क्षारपड जमीन : कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या प्रयोगांत विलायती बाभळीखालील मातीचा सामू उतरला आणि सेंद्रिय कर्ब वाढला. पण ही परदेशी बाभूळ बेफाम पसरते. म्हणून शक्य तिथे स्थानिक जातीच निवडाव्यात.

• जपून : सरसकट खोल नांगरट केल्यास मातीत साठलेला कर्ब हवेत जातो. नैसर्गिक गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे दाट लागवड नको.

एवढे कराच : लागवडीपूर्वी माती तपासा, काही वर्षांनी पुन्हा तपासा. मिश्र जाती लावा, चराई आवरा आणि पालापाचोळा कधीही जाळू नका.