तालुक्याचे मैदान आणि खेळातील सचोटी

काटोल तालुक्यातील बागायतदाराला संत्र्याच्या कलमाविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. पन्हेरीतून आणलेली सारी कलमे दिसण्यात सारखीच असतात. खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा, डोळा निरोगी मातृवृक्षावरून घेतला आहे की कसे, हे खरेदीच्या दिवशी नजरेला कळत नाही. ते कळते पाच-सहा वर्षांनी, बाग फळावर आल्यावर. तोपर्यंत खत, पाणी, कष्ट आणि आयुष्यातील मोलाची वर्षे खर्ची पडलेली असतात. म्हणूनच जाणता शेतकरी कलमाच्या किमतीआधी पन्हेरीची सचोटी पाहतो.

खेळाच्या क्षेत्रातही काहीसे असेच घडते. शासन मैदान बांधून देते, साहित्यासाठी अनुदान देते, स्पर्धा भरविते, यशस्वी खेळाडूला परीक्षेत गुण आणि नोकरीत आरक्षण देते. परंतु या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो: कागदावर लिहिलेले खरे आहे काय? खेळाडूचे वय, त्याची निवड, त्याचा खेळ आणि त्याचे प्रमाणपत्र यांपैकी एकही गोष्ट खोटी निघाली, तर त्यावर खर्चिलेला सार्वजनिक पैसा अपात्र माणसाच्या पदरी पडतो. याहून मोठी हानी म्हणजे, खरा खेळाडू मागे राहतो आणि आपल्यावर अन्याय झाला हे कित्येकदा त्याला कळतही नाही.

राज्याची जबाबदारी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीत समाविष्ट आहे. त्यामुळे गावोगावच्या क्रीडाविकासाचा मुख्य भार राज्य शासनावर येतो. महाराष्ट्रात हे काम क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत चालते. विभागाला उपसंचालक, जिल्ह्याला जिल्हा क्रीडा अधिकारी आणि तालुक्याला तालुका क्रीडा अधिकारी अशी त्याची रचना आहे.

अर्थात, शासनाच्या योजना येण्यापूर्वीही विदर्भात खेळाची परंपरा होतीच. काटोलच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. लोकांच्या उत्साहातून आखाडे आणि क्रीडा मंडळे उभी राहिली. त्या उत्साहाला स्थायी आधार देण्याचे काम शासनाचे आहे.

प्रत्येक तालुक्याला क्रीडा संकुल असावे, हे धोरण याच विचारातून आले. धावपट्टी, कबड्डी व खो-खोची मैदाने, बंदिस्त सभागृह अशा सोयी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध व्हाव्यात, हा त्यामागील हेतू आहे. या संकुलांसाठीच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये वाढविण्यात आली. तालुका संकुलासाठी ती १ कोटी रुपयांवरून ५ कोटी, जिल्हा संकुलासाठी ८ कोटींवरून २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटींवरून ५० कोटी रुपये झाली. याखेरीज व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजनांचा लाभ स्थानिक स्वराज्य संस्था व शाळा यांना घेता येतो.

तालुक्यापासून निघणारी वाट

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. कोंढाळी किंवा पारडसिंगा येथील शाळेचा कबड्डी संघ प्रथम तालुका स्पर्धेत उतरतो. तेथे जिंकल्यास तो नागपूर जिल्ह्याच्या स्पर्धेत जातो. महानगरपालिका क्षेत्राच्या स्पर्धा स्वतंत्र होत असल्याने शहरातील संघाशी त्याची गाठ पडते ती विभागीय पातळीवर. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे आहेत. त्यापुढे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा येतात.

ही वाट अरुंद आहे. पहिल्या पायरीवर अनेक शाळांची मुले असतात, शेवटच्या पायरीवर मोजकीच पोहोचतात. म्हणूनच पहिल्या पायरीवरील न्यायाला विशेष महत्त्व आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पंच असतात, छायाचित्रण असते, तक्रारीची सोय असते. तालुक्याच्या स्पर्धेत बहुधा क्रीडाशिक्षकच पंच असतात, नोंदी हाताने होतात आणि एका दिवसात अनेक सामने उरकावे लागतात. अशा घाईत झालेली चूक वरच्या पातळीवर सहसा दुरुस्त होत नाही. कारण जो संघ बाद झाला, तो वर पोहोचलेलाच नसतो.

प्रमाणपत्राचे मोल

खेळात मिळविलेल्या यशाला शासनाने व्यवहारातही मान्यता दिली आहे. विहित पातळीवर कामगिरी करणाऱ्या विद्यार्थ्याला दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. २००५ मध्ये शासनाने खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षणाची तरतूद केली आणि २०१६ मध्ये तिचे निकष सुधारले. हे आरक्षण समांतर स्वरूपाचे आहे. म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमधूनच खेळाडूंच्या जागा भरल्या जातात. पद जितके वरचे, तितकी क्रीडाकामगिरीची अट कठोर असते.

या तरतुदीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १०० पदे निघाली, तर त्यांतील ५ पदे खेळाडूंच्या वाट्याला येतात. त्यांपैकी एक जागा बनावट प्रमाणपत्रावर गेली, तर ती कोणा अमूर्त संस्थेची जात नाही. दहा वर्षे मैदानावर घाम गाळलेल्या एका विशिष्ट मुलाची किंवा मुलीची ती जागा असते. २०२० च्या सुमारास राज्यात ट्रॅम्पोलीनसारख्या अल्पपरिचित खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. नागपूर विभागातही पोलीस तपास झाला आणि अटका झाल्या. ज्या खेळाचे साहित्य अनेकांनी पाहिलेले नाही, त्या खेळातील प्राविण्याचे कागद लोक बाळगून होते, ही बाब सर्वांनाच विचार करावयास लावणारी आहे.

यावरचा उपाय म्हणजे पडताळणी. प्रमाणपत्र मिळाले एवढ्यावर आरक्षणाचा लाभ मिळत नाही. ती स्पर्धा खरोखर झाली काय, संघटना मान्यताप्राप्त होती काय, संघयादीत त्या खेळाडूचे नाव होते काय, किती संघ उतरले होते, हे क्रीडा विभागाकडून तपासले जाते. खऱ्या खेळाडूला ही चौकशी कधी कधी जाचक वाटते. परंतु ती त्याच्याच संरक्षणासाठी आहे. त्याने आपल्या परीने सहभागाची पत्रे, निकालपत्रके व संघाची छायाचित्रे जपून ठेवली, तर पुढे अडचण येत नाही.

जन्मतारखेचा खोटेपणा

खेळातील अप्रामाणिकपणाची सुरुवात बहुधा मोठ्या लोभातून होत नाही. ती होते शाळेच्या दाखल्यावरील एका तारखेपासून. सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील गटात उतरविला, तर संघ जिंकतो, शाळेचे नाव होते आणि कोणाचे काही बिघडले असे वाटत नाही. प्रत्यक्षात दोघांचे नुकसान होते. कबड्डीच्या मैदानावर त्या वयात दोन वर्षांचे अंतर म्हणजे उंची, वजन आणि ताकद यांत मोठा फरक. त्यामुळे खरोखर चौदा वर्षांचा असलेला मुलगा हरतो, प्रसंगी दुखापत होऊन खेळ सोडतो. दुसरीकडे, वय लपविणारा मुलगा बळावर जिंकत राहिल्याने कौशल्य शिकत नाही आणि खऱ्या वयाच्या प्रतिस्पर्ध्यांशी सामना होताच मागे पडतो.

केंद्र शासनाने वयाच्या खोटेपणाविरुद्ध २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता लागू केली. कागदपत्रांविषयी संशय आल्यास वैद्यकीय तपासणी होते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांची वाढ पाहून वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यासाठी वापरली जाते. मात्र या तपासणीने मिळतो तो अंदाजच. त्यामुळे जन्माची नोंद वेळेवर आणि बिनचूक होणे, हाच खरा उपाय आहे. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर आणि आधार यांवरील तारीख एकच आहे ना, हे पालकांनी मूल शाळेत जाऊ लागतानाच पाहून घ्यावे.

उत्तेजकांचा धोका

उत्तेजक द्रव्ये हा केवळ ऑलिम्पिकमधील खेळाडूंचा प्रश्न आहे, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुने दोषी आढळले. हे प्रमाण ३.८ टक्के होते आणि मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत ते सर्वाधिक होते.

ग्रामीण भागात हा धोका वेगळ्या वाटेने येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावताना कोणत्याही तालुक्यात दिसतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. काही सेकंदांवर नोकरी अवलंबून असल्याने इंजेक्शन किंवा भुकटी देऊन वेग वाढवून देण्याचे आमिष दाखविणारे भेटतात. भरतीच्या मैदानाजवळ उमेदवारांकडे अशी औषधे सापडल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत राज्यात नोंदल्या गेल्या आहेत. यांतील स्टेरॉइड वर्गातील औषधांनी हृदय आणि यकृत यांना इजा होऊ शकते.

संसदेने २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. या व्यवस्थेत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. ‘प्रशिक्षकाने दिले’, ‘मला ठाऊक नव्हते’ असे सांगून दोष टळत नाही. जाणूनबुजून केलेल्या पहिल्याच गुन्ह्याला साधारणपणे चार वर्षांची बंदी होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रीनही स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे. त्यामुळे आजारपणात डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे आधी सांगावे. आवश्यक औषध निषिद्ध यादीत असल्यास, उपचारासाठी ते घेण्याची रीतसर परवानगी मागता येते.

निवडीतील न्याय

१५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. खाशाबा जाधव यांचा तो जन्मदिवस. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिले. परंतु या पदकाआधीची हकीकतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. दाद मागण्याची सोय मिळाली नसती, तर ते पदकही मिळाले नसते.

प्रत्येक खेळाडूला महाराजांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून तक्रारीची व्यवस्था नियमानेच असावी लागते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडाविषयक वादांसाठी न्यायाधिकरण यांची तरतूद करण्यात आली आहे. तालुक्याच्या पातळीवर मात्र यापेक्षा साधे उपाय पुरेसे ठरतात. निवड चाचणीची तारीख आधी जाहीर करावी, निकष लेखी द्यावेत, गुणांची यादी शाळेच्या फलकावर लावावी आणि आक्षेप घेण्यास दोन दिवस द्यावेत. एवढे केले तरी अर्ध्याअधिक तक्रारी उद्भवणारच नाहीत.

गावाचा वाटा

शासन मैदान देऊ शकते. ते गजबजते ठेवण्याचे काम गावाचे आहे. मुलींना सराव करून अंधारापूर्वी सुरक्षित घरी पोहोचता येते काय, मैदानाजवळ स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची जागा आहे काय, शाळा सुटल्यावर मैदानाचे दार उघडे असते काय, याकडे पालक व ग्रामसभा यांनी लक्ष दिले, तर सहभाग निश्चितच वाढेल. याच मंडळींनी आपल्या गावाचा संघ खोट्या वयाचा खेळाडू घेऊन जिंकणार असेल, तर त्याला नकार देण्याचे धैर्यही दाखविले पाहिजे. हा नकार कठीण असतो, कारण तो परक्याला द्यावयाचा नसतो. तो आपल्याच गावाला, कधी आपल्याच घरातील मुलाला द्यावयाचा असतो.

हरलेला संघ पुढील वर्षी पुन्हा उतरतो. त्यात काही कमीपणा नाही. परंतु खोट्या कागदावर जिंकलेला संघ आपल्या मुलांना एकच धडा शिकवितो, की सराव करण्यापेक्षा दाखला बदलणे सोपे आहे. काटोलच्या शेतकऱ्याने पन्हेरी पारखण्याची दृष्टी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. तीच दृष्टी त्याने तालुक्याच्या मैदानाकडे वळविली, तर शासनाने लावलेल्या या रोपाला खरे फळ येईल आणि ते योग्य त्या मुलाच्या हाती पडेल.