गोल पिझ्झा, चौकोनी पेटी

परका पदार्थ मराठी माणसाने आपलासा केला की नाही, हे त्याच्या जिभेवरून ओळखावे. चवीवरून मात्र नव्हे, व्याकरणावरून! शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी घटकाभर बसा. ‘दोन पिझ्झे मागव’, ‘पिझ्झ्यावर कांदा नको हं’, ‘पिझ्झ्याचा शेवटचा तुकडा कोणी खाल्ला?’ अशी वाक्ये हमखास कानी पडतात. घोडा, घोडे, घोड्यावर; तसेच पिझ्झा, पिझ्झे, पिझ्झ्यावर. सामान्यरूप शिकवताना वर्गात मी हल्ली हेच उदाहरण देतो, आणि शेवटच्या बाकावरची मंडळीही जागी होतात. ज्या शब्दाला अनेकवचन मिळाले, ज्याचे सामान्यरूप झाले, तो शब्द आता उंबरठ्यावर उभा नाही. पाट घेऊन पंगतीत बसला, असे खुशाल समजावे.

पंगतीत बसलेल्या या पाहुण्याचे कूळ कोणते, त्याची रूपे किती आणि तो आपल्या दारापर्यंत येतो कसा, हे दिवाळीच्या निवांत दुपारी पाहायला हरकत नाही.

बिशपच्या घरी बारा पिझ्झे

पिझ्झा या शब्दाचा फार जुना लेखी उल्लेख इ. स. ९९७ मधला आहे. दक्षिण इटलीतल्या गाएता गावच्या एका लॅटिन दस्तऐवजात तो सापडतो. बिशपच्या मालमत्तेवरच्या कुळाने दर नाताळला त्यांना बारा पिझ्झे द्यावेत आणि ईस्टरला आणखी बारा, असा करार त्यात लिहिला आहे. पाहा, म्हणजे पिझ्झा इतिहासात प्रथम दिसतो तोच सणासुदीला कोणाकडे तरी पोचवला जाताना! पैसे मात्र बिशपमहाराजांना द्यावे लागत नव्हते, एवढाच फरक.

त्या पिझ्झ्यावर टोमॅटो असणे शक्यच नव्हते. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. कोलंबसानंतर तो युरोपात आला, आणि मिरची व बटाटा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. जी मिरची नसती तर आपल्या मिसळीचे काय झाले असते आणि जो टोमॅटो नसता तर पिझ्झ्याचे काय झाले असते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच खंडात आहे.

पुढे नेपल्स शहरात पिझ्झा हे गरिबांचे पोटभरीचे खाणे झाले. फेरीवाले डोक्यावर धातूचे डबे घेऊन गल्लोगल्ली गरम पिझ्झे विकत. गिऱ्हाईक त्याची चौपदरी घडी करी आणि चालता चालता खाई. आपली घडीची पोळी आठवावी! खिशात दमड्या नसतील तर आज खावे आणि आठ दिवसांनी पैसे द्यावेत, अशीही तिथे सोय होती. उधारीचे खाते ही काही केवळ गिरणगावातल्या वाण्याची मिरास नव्हे. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता टोमॅटोचा लाल, चीजचा पांढरा आणि तुळशीच्या जातीतल्या पानांचा हिरवा असा राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पिझ्झा तिच्यासाठी केला गेला, ही कथा प्रसिद्ध आहे. इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहेत. पण नाव टिकले, आणि आज दादरचे पाच वर्षांचे पोरही ‘मार्गेरिटा’ मागते.

गोल, चौकोनी आणि वावभर

नेपल्सचा पिझ्झा गोल का, हे भाकरी थापणाऱ्या हाताला सांगायला नको. कणकेचा गोळा मधून बाहेर दाबत गेले की तो आपोआप वाटोळाच होतो. नेपल्सच्या कारागिरांना या गोलाईचा इतका अभिमान की, २०१० साली युरोपीय संघाने त्यांच्या पिझ्झ्याचे नियमच ठरवून दिले: व्यास ३५ सेंटिमीटरहून अधिक नको, आणि ४८५ अंशांच्या लाकडाच्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघावा. २०१७ साली युनेस्कोने त्यांची ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पण गाव बदलले की आकार बदलतो. रोममध्ये तो लांबट ताटात भाजून कात्रीने कापतात आणि वजनावर विकतात, जशी आपल्याकडे बर्फी. अमेरिकेत डेट्रॉइटला १९४६ पासून चौकोनी पिझ्झा निघाला. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायची जी पोलादी तबके असत, तीच तिथे भट्टीत गेली! शिकागोचा पिझ्झा १९४३ पासून खोलगट भांड्यात होतो. तो खाताना काटा-चमचा लागतो. नेपल्सजवळच्या वीको एक्वेन्से गावी तर पिझ्झा मीटरवर मिळतो. आपण परकराचे कापड मागतो तसा. आणि सारण भरून मधोमध दुमडलेला, कडा दाबून बंद केलेला ‘काल्झोने’ पाहिला, तर कोणतीही मराठी गृहिणी म्हणेल, हा आमच्या करंजीचा थोरला भाऊ!

आमच्या लहानपणी मुंबईत पिझ्झ्याचे आणखी एक रूप होते. बेकरीतून तयार पाव-चकत्या आणायच्या, वर टोमॅटो सॉस, भोपळी मिरची, कांदा आणि किसलेले अमूल चीज घालायचे, तव्यावर झाकण ठेवून चीज वितळेपर्यंत धीर धरायचा. इटालियन माणसाने तो पाहून कपाळाला हात लावला असता. परंतु ज्या जगात १९६२ साली कॅनडातल्या एका ग्रीक गृहस्थाने पिझ्झ्यावर अननस घातला आणि तो लोकांना आवडला, त्या जगात आमच्या तव्यावरच्या पिझ्झ्याला आणि कांदा-लसणाविना होणाऱ्या जैन पिझ्झ्याला कोणी नावे ठेवू नयेत.

आता थोडे गणित. सात इंची दोन पिझ्झे घ्यावेत की दहा इंची एक, यावर घरोघरी वाद होतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सातांचा वर्ग एकोणपन्नास. दोनांचे मिळून अठ्ठ्याण्णव. दहाचा वर्ग शंभर. म्हणजे दहा इंची एक पिझ्झा सात इंची दोहोंपेक्षा किंचित मोठाच! शिवाय कोरडी कड दोघांची मिळून सुमारे ४४ इंच, तर एकट्याची सुमारे ३१. ज्या घरी मुले कडा ताटात टाकतात, त्या घरच्या आईने हा हिशेब जरूर ध्यानात ठेवावा.

दुसरे गणित याहून अवघड. पिझ्झ्याचे तुकडे आठ आणि घरात माणसे पाच. बाकी उरतात तीन. पोळी ज्याची त्याला मोजून वाढता येते. पिझ्झा मात्र मधोमध ठेवलेली सामाईक मालमत्ता. तो खाताना एकमेकांकडे पाहावेच लागते. ज्याने त्याने आपापल्या वेळी ताट घेण्याच्या या दिवसांत, पेटी उघडल्याबरोबर सगळे घर एका टेबलाभोवती जमते, हा या पदार्थाचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

जिना चढणारा माणूस

ती पेटी चौकोनी का? पुठ्ठ्याचा एकच तुकडा दुमडून ती झटकन होते म्हणून. झाकण चीजला चिकटू नये यासाठी मध्ये बाहुलीच्या चौरंगासारखी प्लॅस्टिकची तिवई असते. तिचे पेटंट न्यूयॉर्कच्या कार्मेला व्हिटाले या बाईंनी १९८५ साली मिळवले. गोल पदार्थ, चौकोनी पेटी, त्रिकोणी तुकडे: सारी भूमिती जेवणाच्या टेबलावर!

ही पेटी घरोघर पोचवण्याचा धंदा अमेरिकेत ज्यांनी भरभराटीला आणला, त्या डॉमिनोजचा आरंभ १९६० सालचा. दोघा भावांनी मिशिगनमध्ये एक लहान दुकान घेतले, आणि लवकरच एकाने आपला हिस्सा एका जुन्या फोक्सवॅगन मोटारीच्या बदल्यात दुसऱ्याला देऊन टाकला. जानेवारी १९९६ मध्ये हे दुकान दिल्लीत उघडले, आणि भारतालाही तीस मिनिटांच्या हमीची ओळख झाली. गंमत अशी की, अमेरिकेत अपघात आणि कोर्टाचे निकाल यांमुळे १९९३ सालीच ती हमी मागे घ्यावी लागली होती.

मुंबईला घरपोच ही गोष्ट नवी नाही. १८९० पासून डबेवाले घरचे अन्न कचेरीत पोचवीत आले. पिझ्झ्याने ती वाट उलटी केली, बाहेरचे अन्न घरी आणले. मे २०१४ मध्ये लोअर परळच्या एका पिझ्झेवाल्याने तर वरळीच्या उंच इमारतीत विमानासारखे यंत्र उडवून पिझ्झा पोचवला. आणि पोलिसांनी लगेच चौकशी आरंभली.

यंत्राचे असो, शिवाजी पार्कात पिझ्झा माणूसच आणतो. इथल्या जुन्या इमारती तीन-चार मजली, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही. पत्ता विचारावा तर आजोबा फोनवर ‘कॅडल रोड’ सांगतात, आणि त्या पोराच्या नकाशात असतो स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. दिवाळीत तर रोषणाई पाहायला अर्धी मुंबई इथे लोटते. स्कूटर पुढे सरकत नाही. आपण मात्र दिवाणखान्यात बसून फोनच्या पडद्यावर तिचे इवलेसे चित्र न्याहाळत असतो. चित्र थांबले की आपण अस्वस्थ होतो. तो सिग्नलला उभा आहे, की पावसात घसरून पडला आहे, हे काही ते चित्र सांगत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या देशाच्या कायद्यात प्रथमच आली. कायद्याचे काम कायदा करील. पण ‘सामान आणणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये’ ही पाटी काही सोसायट्यांत दिसते, ती कोणत्याही कायद्याने लावलेली नाही. ती आपणच लावली, आणि आपणच काढू शकतो. ज्याच्या हातचे अन्न आपल्या ताटात चालते, त्याचे पाय आपल्या लिफ्टमध्ये का चालू नयेत?

दिवाळीत शेजारी फराळाचे ताट रुमालाने झाकून पाठवण्याची आपली रीत. ते ताट परत करताना रिकामे पाठवायचे नसते. चिमूटभर साखर का होईना, त्यात ठेवतात. पिझ्झ्याची पेटी परत जात नाही, पण ती आणणारा परत जातो. या दिवाळीत दार उघडाल तेव्हा त्याला पाणी विचारा, आणि जाताना हातावर एक लाडू ठेवा. घड्याळाकडे पाहण्याचे काम उद्यावर टाकले तरी चालेल.