दातांचे ‘मॅचिंग’

घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये आईबरोबर तुम्ही कधी तरी गेला असालच. दुकानातल्या दिव्याखाली साडीशी हुबेहूब जुळणारे कापड बाहेर उन्हात नेताच वेगळे दिसू लागते. कारण दोन्ही प्रकाशांत निरनिराळ्या रंगांचे प्रमाण सारखे नसते. दातात दाताच्याच रंगाचे ‘सिमेंट’ भरणाऱ्या दंतवैद्यापुढेही हीच अडचण असते.

मुळात दाताला एकच एक रंग नसतो. वरचे एनॅमल पारभासी असते. त्यातून आतल्या डेंटिनचा पिवळसर रंग डोकावतो. शिवाय दात कोरडा पडला की काही काळ अधिक पांढरा दिसतो. म्हणून छटा निवडायची ती दात ओला असतानाच, शक्यतो दिवसाच्या उजेडात. त्यासाठी १६ छटांचे नमुने असलेली पट्टी दाताशेजारी धरून पाहतात.

आता समजा, पुढच्या दातात जुने सिमेंट आहे आणि कोणी दात उजळून घेतले, तर काय होईल? उजळण्याच्या औषधातील हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपते आणि रंगीत रेणू मोडते. पण हे सिमेंट म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेसारखे बारीक कण. त्यांचा मूळ रंग जवळजवळ बदलत नाही. दात उजळतो, सिमेंट तसेच राहते आणि इतके दिवस न दिसलेला ठिपका उठून दिसतो!

मग उजळल्यावर लगेच नवे सिमेंट भरावे का? नाही. साधारण २ आठवडे थांबावे लागते. एक तर उजळलेला रंग थोडा उतरून मग स्थिरावतो. दुसरे म्हणजे, दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या नीट जुळू देत नाही आणि सिमेंटची पकड कच्ची राहते. दात किडलेला असेल, तर तोवर तो तात्पुरता भरून ठेवतात.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी उजळणे, मग थांबणे, शेवटी भरणे. जुने सिमेंट काढताना थोडा चांगला दातही खरवडला जाऊ शकतो आणि गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून दंतवैद्याला आधीच विचारावे. दातांवर लिंबू मात्र चोळू नका. आम्लाने एनॅमल झिजते. मग आतला पिवळेपणा लपेल की अधिक दिसेल, हे आता तुम्हीच सांगा!