कूलरच्या टाकीतला पहिला प्रोग्राम

उन्हाळ्यात नागपूरच्या लकडगंजात आरामशिनींच्या जोडीला कूलरही दिवसभर घरघरत असतात. कूलरचा बुडता पंप पाण्यामुळेच थंड राहतो. टाकी कोरडी पडली की तो जळतो. मायक्रोकंट्रोलर शिकायला मी हेच काम निवडलं : पाणी संपलं की बझर वाजायला हवा. काम ठरलं की खरेदीची यादी आखूड होते.

टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनवरून मेट्रोने बर्डीचा बाजार गाठला, आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यायला. आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्हरियात विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. त्याचा आराखडा खुला आहे, म्हणून त्याचे स्वस्त क्लोन सर्रास मिळतात. त्यातल्या ‘उनो’ बोर्डाचा क्लोन घेताना चिप पाहावी. चौकोनी चिप बोर्डाला डाखलेली असते, तर 28 पायांची लांबट चिप सॉकेटात बसते. लांबटच घ्यावी, जळली तर बूटलोडर भरलेली नवी चिप बसवता येते, बोर्ड फेकावा लागत नाही.

2021 मध्ये चार डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको किंवा वायफायवाला ईएसपी32 अधिक ताकदवान आहे. पण दोन्ही 3.3 व्होल्टवर चालतात. 5 व्होल्टचा सिग्नल थेट दिला तर पिन जाऊ शकते. बझरच्या कामाला उनोची 32 केबी मेमरी भरपूर झाली. उरलेल्या पैशात मल्टीमीटर घ्यावा. केबलही पारखून घ्यावी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, मग संगणकाला बोर्ड दिसतच नाही.

प्लायवूडच्या तुकड्यावर बोर्ड बसवला. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी ‘ब्लिंक’ हा नमुना प्रोग्राम चढवून 13 नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकवला. मग पाण्यासोबत वर-खाली होणाऱ्या फ्लोट स्विचची एक तार ग्राउंडला, दुसरी 2 नंबरच्या पिनला. स्विच उघडा असताना पिन 1 वर ठेवणारा आतला पुलअप चालू केला की वेगळा रेझिस्टर लागत नाही. स्विच मिटतो की नाही, हे मल्टीमीटरच्या ‘बीप’ने आधीच कळलं होतं.

खरी गंमत सिरियल मॉनिटरवर दिसली. कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकतं, तसा फ्लोट हिंदकळतो आणि पडद्यावर 0, 1, 0, 1 असा नाच सुरू होतो. म्हणून प्रोग्राममध्ये अट घातली : सलग पाच सेकंद 1 आला, म्हणजे स्विच उघडाच राहिला आणि पाणी संपलं, तरच बझर.

पंप आपोआप बंद करायचा तर तो पिनला जोडून चालत नाही. पिनकडून 20 मिलीअँपिअरपर्यंतच घ्यावेत. रिलेच्या कॉइललाच साधारण 70 लागतात. त्यासाठी ट्रान्झिस्टर असलेलं रिले मॉड्यूल हवं, आणि 230 व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियननेच करावी.

प्रोग्रामर नावाचं वेगळं उपकरणही लगेच लागत नाही. पुढे एटीटायनी85 सारख्या छोट्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचा झाला तर उनोच ते काम करतो. सॉकेटवाला क्लोन, डेटा केबल, ब्रेडबोर्ड, जंपर तारा आणि मल्टीमीटर एवढ्यावर सुरुवात करा. बाकीचं काम अडेल तेव्हाच विकत घ्या.