पोथी, वही आणि पाटी

जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही. मागे नेटवर्कची दोन-तीन तोंडं, विजेची एक वायर आणि लुकलुकणारा हिरवा दिवा. पन्नास टेबलांच्या कचेरीचं अख्खं टेलिफोन एक्स्चेंज एवढ्यात मावतं. फोन जोडायचे, ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणायचं, रात्री आलेला निरोप सकाळपर्यंत जपायचा, ही कामं पूर्वी कपाटाएवढं यंत्र करायचं. आता ती बऱ्याच ठिकाणी अ‍ॅस्टेरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. अलाबामातल्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने 1999 मध्ये ते लिहायला घेतलं, कारण त्याच्या नव्या कंपनीला तयार एक्स्चेंज विकत घेणं परवडत नव्हतं.

या पेटीत हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे ती जन्मभर टिकेल असं वाटतं. पण तिचा जीव असतो नखाएवढ्या मेमरी कार्डात. प्रोसेसर धडधाकट, रॅम धडधाकट, आणि एका सकाळी सगळे फोन मुके. कार्ड गेलेलं असतं.

कार्ड जातं कसं? तोशिबा कंपनीतल्या फुजियो मासुओका यांनी कार्डातली ही स्मृती 1984 मध्ये जगापुढे मांडली. तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. नाव पुसण्यावरून पडलं, आणि झीजही पुसण्यातच होते. चिपमधल्या प्रत्येक सूक्ष्म घरात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायला काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा असतो. लिहिताना आणि पुसताना जास्त दाबाची वीज लावून इलेक्ट्रॉन त्या पडद्यातून ढकलावे लागतात. दर खेपेला पडदा थोडा दुखावतो, आणि शेवटी शून्य कोणतं नि एक कोणता हेच कळेनासं होतं. घरात एकच बिट ठेवणारी जुनी महाग चिप अशा लाखभर फेऱ्या सोसायची. दोन बिटं कोंबली की फेऱ्या काही हजारांवर येतात, तीन बिटं कोंबली की आणखी खाली. स्वस्त कार्डं याच शेवटच्या जातीची.

त्यात एक खोड आहे. फ्लॅश ही अशी वही की जिच्यात लिहायचं पानापानाने, पण धुवायचं पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. एका पानावरची एक ओळ बदलायची तरी ते पान दुसरीकडे नव्याने उतरवायचं. जुनी रद्द पानं साचली की गठ्ठ्यातली कामाची पानं बाजूला काढून गठ्ठा धुवायचा. कार्डातला कंट्रोलर हे गुपचूप करतो, आणि एकच गठ्ठा झिजू नये म्हणून पाळीपाळीने वेगवेगळे गठ्ठे वापरतो. त्यामुळे दोनशे बाइटांची एक चिमुकली नोंद कार्डावर पोचेपर्यंत कितीतरी किलोबाइटांची होते. कार्डाला थोड्या मोठ्या फायलींपेक्षा असंख्य बारीक नोंदी जास्त जाचतात.

आणि फोनच्या पेटीचा स्वभावच मुनीमजीचा. कोणी कोणाला कधी फोन केला, किती सेकंद बोलला, कुठे चूक झाली, सगळं लिहून ठेवायचं. पण मोठा खर्च तिथे नसतो. टेबलावरचा आयपी फोन ठरावीक वेळाने एक्स्चेंजला ‘मी इथे आहे’ असं कळवतो. अ‍ॅस्टेरिस्कच्या अशा फोनशी बोलणाऱ्या जुन्या एसआयपी भागात ही मुदत मुळात 120 सेकंद असे, आणि प्रत्येक हजेरी त्याच्या छोट्या डेटाबेसात उतरे. पन्नास फोन दर दोन मिनिटांनी हजेरी लावतात असं धरा. दिवसाला 36,000 नोंदी झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत कचेरीला कुलूप असलं, एकही फोन वाजला नाही, तरी 36,000. मुदत तासाची केली की त्याच 1,200 होतात, म्हणजे तीसपट कमी, एक आकडा बदलून. इतका वेळ शांतता राहिली म्हणून मधल्या राउटरने वाट बंद करू नये, यासाठी एक्स्चेंजने दर मिनिटाला नुसती हाक मारावी. ती हाक कुठेच लिहावी लागत नाही.

हा हिशेब आधीच ओळखून बांधलेली वस्तू म्हणजे अ‍ॅस्टलिनक्स. क्रिस्टियन कीलहोफ्नर यांनी सुरू केलेली ही लिनक्सची छोटी आवृत्ती सोएक्रिस नेट 4801 सारख्या छोट्या संगणक-बोर्डांवर चाले. 266 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 128 मेगाबाइट रॅम आणि डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. तिच्या रचनेत तीन थर दिसतात. मूळ प्रणाली घट्ट दाबून बांधलेली, फक्त वाचायची. ती पोथी, तिच्यावर कोणी लेखणी चालवत नाही. सेटिंग आणि जपायचा मजकूर वेगळ्या भागात. ती वही. आणि रोजचा चालू पसारा रॅममध्ये. ती पाटी, वीज गेली की कोरी.

आपल्याकडच्या वीज जाण्या-येण्यात पोथीचा आणखी एक फायदा आहे. कार्ड लिहीत असताना वीज गेली तर मजकूर अर्धवट राहतो, कधी फाइल व्यवस्थाच विस्कटते. ज्या भागावर लिहिलंच जात नाही तो भाग अशा वेळी शाबूत राहतो, आणि वीज आली की पेटी मुकाट उठून कामाला लागते.

इतर पेट्यांनाही हे शिकवता येतं. स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर कार्डावर हलवायची सोय, बंद करा. फाइल नुसती वाचली तरी ‘शेवटी कधी वाचली’ याची वेळ लिहायची लिनक्सची जुनी सवय ‘नोएटाइम’ लावून मोडा. तात्पुरत्या फायली रॅममध्ये ठेवा. लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवा. संभाषणं ध्वनिमुद्रित होत असतील तर साध्या वेव्ह फायलीला मिनिटाला 960 किलोबाइट लागतात. जीएसएम पद्धतीने दाबली तर साधारण 100. आणि कार्ड गरजेपेक्षा मोठं घ्या, म्हणजे पाळी लावायला गठ्ठे जास्त मिळतात.

ही चैन नव्हे, हे 2021 मध्ये टेस्ला गाड्यांच्या मालकांना कळलं. जुन्या मॉडेल एस आणि एक्सच्या पडद्यामागे आठ गिगाबाइटची फ्लॅश चिप होती. ती लिहून-पुसून संपत गेली, पडदे काळे पडले, मागचं दाखवणारा कॅमेरा बंद झाला. अमेरिकेत सुमारे 1,35,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गाडीची चाकं नीट होती. वही झिजली होती.

पण सगळंच पाटीवर लिहून चालत नाही. पेटी मध्यरात्री कोसळली, तर का कोसळली हे सांगणारा लॉग पाटीबरोबर पुसला जातो. म्हणजे हवा तेव्हाच तो नसतो. अ‍ॅस्टेरिस्कच्या त्या छोट्या डेटाबेसात तर दोन्ही जातींच्या नोंदी शेजारी बसतात. फोनची हजेरी विसरली तरी पुढच्या हजेरीला भरून निघते. पण पेटी दवाखान्यातली असेल तर डॉक्टरांनी ‘माझे फोन घरी वळवा’ म्हणून केलेली नोंदही तिथेच असू शकते, आणि ती विसरली तर रात्रीचा पेशंट रिकाम्या टेबलावरचा फोन वाजवत राहतो. म्हणून अख्खा डेटाबेस रॅममध्ये टाकणं हा उपाय नव्हे. तो वहीतच ठेवायचा आणि हजेरी विरळ करायची. अशी निवड कार्डातला कंट्रोलर करू शकत नाही. त्याला सगळे बाइट सारखेच. ती पेटी लावणाऱ्यानेच करायची.

कार्डावर किती लिहिलं गेलं याचा आकडा लिनक्स स्वतःजवळ ठेवतं, 512 बाइटांच्या तुकड्यांत मोजून. कचेरी बंद करताना तो टिपून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बघायचा. रात्रभर एकही फोन वाजला नसेल आणि तरी आकडा भरभर चढला असेल, तर पाटीवरचं काहीतरी वहीत उतरतंय.